रँक आली, पण ती कशाची?

डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांचे निकाल लागू लागले की मराठी घरांत सीएमआर नावाचं एक नवं प्रकरण शिरतं. सीएमआर म्हणजे कॉमन मेरिट रँक. बारावीचे टक्के, सीईटीचे पर्सेंटाइल, नीटचे ७२० पैकी किती, हे आकडे आता आजी-आजोबांनाही वाचता येतात. कुठल्या आकड्याला पेढे वाटायचे आणि कुठल्याला शेजाऱ्यांसमोर विषय बदलायचा, हेही ठरून गेलंय. निफ्टच्या निकालाचं अजून तसं झालेलं नाही. मुलगी मोबाइलकडे बघत सांगते, ‘सीएमआर दोन हजार आठशे’, आणि घरात कोणालाच कळत नाही की हे चांगलं की वाईट. मग मामाला फोन जातो. मामाचा मुलगा इंजिनीअर असतो. तो जेईईच्या हिशेबानं सांगून टाकतो, ‘गेलं मग.’

गेलेलं नसतं. पण ते कळायला हा आकडा कशातून तयार झाला, ते उलगडून बघावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. ही केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था. २००६ च्या स्वतंत्र कायद्यानं तिला स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मुंबईचा कॅम्पस खारघरला आहे. बाकीचे श्रीनगरपासून कन्नूरपर्यंत आणि शिलाँगपासून दमणपर्यंत पसरलेले आहेत, आणि ही संख्या वाढत वाढत वीसच्या घरात पोचली आहे. सगळ्या अभ्यासक्रमांच्या मिळून जागा पाच हजारांहून अधिक. गुणवत्ता यादीही एकच नसते. बी.डिझाइनची वेगळी, बी.एफटेकची (बॅचलर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) वेगळी, पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या आणखी वेगळ्या. म्हणून २,८०० हा आकडा ‘खारघरलाच आणि फॅशन डिझाइनच’ या हट्टाला पुरणार नाही, पण दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शाखेत तोच आकडा उपयोगी पडू शकतो. जेईईला बसणारी मुलं दहा लाखांच्या पुढे असतात. तिथल्या अनुभवावरून इथली रँक वाचणं म्हणजे एसटीचं वेळापत्रक घेऊन लोकलची वाट बघण्यासारखं आहे.

बी.डिझाइनची रँक तीन चाचण्यांतून बनते. क्रिएटिव्ह ॲबिलिटी टेस्ट, तिला सगळे कॅट म्हणतात (आयआयएमची कॅट ती ही नव्हे, हे घरच्यांना एकदा सांगावंच लागतं). जनरल ॲबिलिटी टेस्ट, म्हणजे गॅट. आणि या दोन्हींतून निवडल्या गेलेल्या मुलांची सिच्युएशन टेस्ट. अंतिम यादीत कॅटला ५० टक्के, गॅटला ३० टक्के आणि सिच्युएशन टेस्टला २० टक्के वजन असतं. बी.एफटेकला मात्र चित्रकलेचा संबंधच नाही. तिथे सगळा भार एकट्या गॅटवर, आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवं. बी.डिझाइनला कोणत्याही शाखेची बारावी चालते. कॉमर्सच्या मुलांना हे अनेकदा फॉर्म भरायची मुदत संपल्यावर कळतं.

कॅट ही तीन तासांची, कागद-पेन्सिलची परीक्षा. इथे महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास गल्लत होते. आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांची जुनी आणि चांगली परंपरा आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. ‘ए ग्रेड’ मिळालेल्या मुलाला दहावीत वाढीव गुण मिळतात, घरात प्रमाणपत्राची चौकट लागते आणि ‘याचा हात चांगला आहे’ असं सगळे म्हणू लागतात. हात चांगला असणं कॅटमध्ये उपयोगी पडतं, पण तिथे मुख्य गुण हाताला नाहीत.

समजा, प्रश्न असा आला: पावसाळ्यात रेल्वे स्टेशनच्या पुलाखाली भाजी विकणाऱ्या बाईसाठी एक वस्तू तयार करा. ए ग्रेडवालं मूल पूल सुरेख काढतं. यथार्थदर्शन अचूक, पावसाच्या रेषा तिरक्या, मेथीच्या जुडीवर छाया-प्रकाश. दोन तास तिथेच जातात आणि बाईच्या हातात शेवटी येते एक छत्री. दुसऱ्या मुलाची रेघ कच्ची असते. त्याची बाई डोक्यानं मोठी आणि पायांनी लहान झालेली असते. पण त्यानं बसायच्या गोणपाटालाच मागून उभी राहणारी, दुमडून खांद्यावर टाकता येणारी पाठ दिलेली असते, तिच्यावरून पाणी मागच्या बाजूला उतरतं, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं असतं की पोलीस आले तर हे सगळं अर्ध्या मिनिटात उचलता येतं. परीक्षकाची नजर त्या बाणावर थांबते. या मुलानं भाजीवालीकडे बघितलेलं आहे, हे त्या एका ओळीत दिसतं.

सिच्युएशन टेस्टमध्ये तर कागदच हातातून जातो. टेबलावर साहित्याचा एक संच ठेवलेला असतो. त्यात कधी तार, दोरा, कार्डशीट, कधी कापडाचा तुकडा, स्ट्रॉ, काड्या, थर्माकोल असं काहीबाही. एक विषय देतात आणि ठरलेल्या वेळात त्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी करायला सांगतात. ती का तशी केली, हेही थोडक्यात लिहायचं असतं. क्लासवाले याला ‘मटेरियल हँडलिंग’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. प्रत्यक्षात इथे पडतात ती मुलं कल्पना नसलेली नव्हेत, तर घाई करणारी. फेविकॉल वाळायच्या आत मजल्यावर मजला चढवतात आणि परीक्षक जवळ येईपर्यंत इमारत एका बाजूला कललेली असते. तार कुठे वाकते, कार्डशीट कोणत्या दिशेनं दुमडलं तर ताठ राहतं, कापड कुठे झोल देतं, हे ज्यानं घरी गणपतीची आरास करताना, आकाशकंदील बांधताना हातानं अनुभवलंय, तो इथे शांत असतो. गणपतीची मखरं करणाऱ्या पेणच्या किंवा गिरगावातल्या पोरांना या परीक्षेची माहितीच नसते, ही वेगळी रड.

आता गॅट. खरी गोष्ट इथेच आहे.

राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, २०२४ पासून निफ्टची परीक्षा घेऊ लागली. त्या वर्षीच्या रचनेत बी.डिझाइनच्या गॅटला १०० प्रश्न होते. गणिती क्षमतेचे २०, विश्लेषणक्षमतेचे १५, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींचे १५. उरलेले पन्नास? २५ प्रश्न संवादक्षमतेचे आणि २५ इंग्रजी आकलनाचे. संवादक्षमता म्हणजे मुलाला चार माणसांशी बोलता येतं का, असं कोणाला वाटेल. तसं काही नाही. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, चुकीचं स्पेलिंग ओळखा, असा तो कारभार असतो, आणि तोही इंग्रजीचाच. म्हणजे गॅटचा अर्धा भाग निव्वळ इंग्रजी भाषेचा. गॅटला ३० टक्के वजन, त्याचा अर्धा भाग, म्हणजे अंतिम रँकमधले १५ टक्के गुण इंग्रजीचे. तुलनेला, हातानं वस्तू घडवून दाखवायच्या अख्ख्या सिच्युएशन टेस्टला २० टक्के. सर्जनशीलता तपासणाऱ्या परीक्षेत इंग्रजी व्याकरण हे हस्तकौशल्याच्या जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभं आहे.

आकड्यांनी बघू. दोन काल्पनिक उमेदवार घ्या. सोलापूरच्या मराठी शाळेतली एक मुलगी: कॅटमध्ये १०० पैकी ६८, गॅटमध्ये ४२, सिच्युएशन टेस्टमध्ये ६०. वजनं लावली की ३४, १२.६ आणि १२, बेरीज ५८.६. पुण्याच्या इंग्रजी शाळेतला एक मुलगा: कॅटमध्ये ५६, गॅटमध्ये ७६, सिच्युएशन टेस्टमध्ये ४५. त्याचे २८, २२.८ आणि ९, बेरीज ५९.८. चित्रात ती पुढे, हातकामात ती पुढे, यादीत तो पुढे. आता समजा, त्या मुलीचे इंग्रजीच्या पन्नास प्रश्नांतले आणखी आठ बरोबर आले असते. गॅट ५० झाली असती, तिचे वजनी गुण १५, आणि बेरीज ६१. आठ शब्दार्थांनी दोघांची जागा अदलाबदल होते. जिथे अर्ध्या-पाव गुणावर शेकडो मुलं उभी असतात, तिथे एक-दीड गुणाचा फरक कॅम्पस आणि शाखा दोन्ही बदलून टाकतो.

इंग्रजी नको, असं कोणी म्हणणार नाही. निफ्टचं शिक्षण इंग्रजीत चालतं, निर्यातीच्या धंद्यात खरेदीदाराची मेल इंग्रजीतच येते, आणि टेक-पॅक, म्हणजे कपड्याचा तांत्रिक तपशील, वाचता न येणारा डिझायनर कारखान्यात दोन दिवस टिकणार नाही. वाद वजनाचा आहे. शिवाय गॅटचे बाकीचे पन्नास प्रश्न, म्हणजे गणित, तर्क आणि सामान्यज्ञानाचे, हेही इंग्रजी आणि हिंदीतच मिळतात. हीच एनटीए नीट मराठीत घेते, जेईई मेन मराठीत घेते. भविष्यातल्या डॉक्टरला शरीरशास्त्राचा प्रश्न मराठीत वाचता येतो, पण भविष्यातल्या वस्त्रकाराला शेकडेवारीचं गणित मराठीत वाचता येत नाही, याचं सबळ कारण काय, हे कोणी सांगितलेलं नाही. येवल्याची पैठणी, सोलापूरची चादर, कोल्हापूरची चप्पल यांच्या बळावर वस्त्रोद्योग मंत्रालय परदेशात दालनं सजवतं. त्या गावांच्या भाषेत प्रश्नपत्रिका छापायला मात्र त्याला सवड नाही.

त्यात वेळापत्रकाची भर. २०२५ मध्ये निफ्टची परीक्षा ९ फेब्रुवारीला झाली आणि राज्य मंडळाची बारावी ११ फेब्रुवारीला इंग्रजीच्या पेपरनं सुरू झाली. रविवारी सकाळी रंगपेटी घेऊन परीक्षा केंद्रावर, मंगळवारी सकाळी पॅड घेऊन दुसऱ्या केंद्रावर. लातूर किंवा गडचिरोलीकडच्या मुलाला केंद्राच्या गावी जाऊन-येऊन मधला सोमवारही प्रवासात घालवावा लागला असेल, तर त्याच्या रँकमध्ये त्या सोमवारचाही वाटा आहे.

रँक हातात आल्यावरचा दुसरा गोंधळ शाखा निवडताना होतो. ‘फॅशन डिझाइन मिळालं नाही, निटवेअर मिळालं’ हे वाक्य लोक सुतकी चेहऱ्यानं उच्चारतात. निफ्टच्या बी.डिझाइनमध्ये फॅशन डिझाइनखेरीज टेक्स्टाइल, निटवेअर, लेदर, ॲक्सेसरी आणि फॅशन कम्युनिकेशन अशा शाखा आहेत, आणि यांतली प्रत्येक शाखा प्रत्येक कॅम्पसवर नाही. पहिलं वर्ष सर्वांना सामाईक पायाभूत अभ्यासक्रमाचं असतं. निटवेअर म्हणजे आजीनं विणलेला स्वेटर नव्हे. अंगातला टी-शर्ट, मुलांचे खेळाचे कपडे, अंतर्वस्त्रं, योगाच्या पँटी हे सगळं विणलेल्या कापडाचं, आणि त्यावर तमिळनाडूतलं तिरुप्पूर नावाचं अख्खं शहर जगतं. लेहंगा डिझाइन करून नाव कमावणारे मोजके असतात. टी-शर्टची शिवण चार मिलिमीटरनं हलवून लाखो नगांत कापड वाचवणारे मात्र नोकरीवरून कधी घरी बसत नाहीत. फॅशन कम्युनिकेशनमध्ये तर कपडे शिवणं जवळजवळ नाहीच. मासिकं, छायाचित्रं, दुकानांची मांडणी, ब्रँडची दृश्यभाषा हा तिथला विषय. ज्या मुलाला लिहिणं आणि बघणं या दोन्हींची ओढ आहे, त्याच्यासाठी ती पहिल्या पसंतीची जागा असायला हवी. पण पसंतीक्रम भरताना सगळ्यांची यादी ‘फॅशन डिझाइन’नं सुरू होते, कारण कॉलेजच्या नावातच ‘फॅशन’ आहे.

लेदर डिझाइनचं उदाहरण तर बोलकं आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन वीकमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या आणि इथे रण पेटलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, मग कारागिरांचा उल्लेख का नाही, असा रास्त सवाल झाला, आणि कंपनीला प्रेरणेचा उगम कबूल करावा लागला. त्या सगळ्या आरडाओरड्यात एक गोष्ट कोणाच्या बोलण्यात आली नाही. निफ्टमध्ये हातमाग आणि हस्तकलेतल्या कारागिरांसाठी व त्यांच्या मुलांसाठी अधिसंख्य जागा असतात. त्यासाठी केंद्राचं कारागीर ओळखपत्र लागतं. लेदर डिझाइन चेन्नई, कोलकाता, दिल्ली अशा कॅम्पसवर शिकवतात, मुंबईत नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा येवल्याच्या विणकर आळीत जाऊन या जागांची माहिती देणं हे काम एका जिल्हा उद्योग केंद्राला एका दुपारी जमण्यासारखं आहे.

कागदपत्रांपाशी तर चांगली रँक मिळालेली मुलंही अडकतात. महाराष्ट्रातल्या पालकांनी इथे जरा सावध असावं. निफ्ट केंद्राची संस्था आहे, त्यामुळे आरक्षणही केंद्राच्या नियमानं चालतं: अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती साडेसात टक्के, ओबीसी २७ टक्के, आर्थिक दुर्बल १० टक्के. राज्यात भटक्या-विमुक्तांना वेगळा प्रवर्ग आहे, केंद्रात नाही. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण ती यादी राज्याच्या यादीपेक्षा निराळी आहे आणि आपली जात तिच्यात कोणत्या नोंदीनं आली आहे, ते आधी बघावं लागतं. राज्यानं २०२४ मध्ये मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. निकषांत बसणाऱ्या मराठा विद्यार्थ्यांसाठी तिथे वाट आहे ती ईडब्ल्यूएसची. आणि ओबीसींचं नॉन-क्रिमीलेयर असो की ईडब्ल्यूएस, दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षात ग्राह्य असलेला हवा. सेतू केंद्रात गेलं की समोरचा माणूस सवयीनं राज्याचा नमुना काढून देतो. समुपदेशनाच्या दिवशी तो अपलोड होतो, नाकारला जातो, आणि मुलगी खुल्या प्रवर्गात फेकली जाते. तहसील कार्यालयात पुन्हा हेलपाटे घालेपर्यंत फेरी संपलेली असते.

फेऱ्यांबद्दलही एक सांगायला हवं. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणजे प्रवेश संपला, असं होत नाही. यादीत वर असलेली बरीच मुलं अहमदाबादच्या एनआयडीला (राष्ट्रीय डिझाइन संस्था) किंवा आयआयटीच्या बी.डिझाइनला निघून जातात, काही खासगी कॉलेजांत आधीच पैसे भरून बसलेली असतात. त्यांच्या जागा सुटत जातात आणि यादी खाली सरकते. ज्याला शेवटच्या फेऱ्यांपर्यंत थांबायची तयारी आहे, त्याला अनेकदा पहिल्या दिवशी स्वप्नातही नसलेली जागा मिळते. मात्र थांबण्यालाही पैसे लागतात, कारण तोवर दुसऱ्या कॉलेजची प्रवेश फी भरायची तारीख येऊन ठेपलेली असते.

खासगी कॉलेजं हेच जाणून असतात. निफ्टचा निकाल लागला की सायंकाळपासून फोन सुरू होतात. बोलणारी मुलगी गोड असते, ‘सर, फक्त आजच्या दिवस स्कॉलरशिप आहे’ म्हणते. नावात ‘नॅशनल’, ‘इंडियन’, ‘फॅशन’ असे शब्द असले म्हणजे ती संस्था सरकारी होत नाही. निफ्टचे कॅम्पस निफ्टचेच असतात. गल्लीतल्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरची शाखा निफ्टची नसते. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, हा एकच प्रश्न लेखी विचारला तरी निम्मे फोन बंद होतात. खासगीत चांगली कॉलेजं नाहीत असं मुळीच नाही. पुण्यात, मुंबईत नावाजलेल्या संस्था आहेत, त्यांचे माजी विद्यार्थी उद्योगात ठळकपणे दिसतात. पण त्यांची फी भरताना कर्जाचा हप्ता किती आणि पहिला पगार किती, हा हिशेब घरात मोठ्यानं व्हायला हवा. सरकारी म्हणून निफ्ट स्वस्त आहे, हाही भ्रमच. चार वर्षांची फी दहा लाखांच्या वर जाते, वसतिगृह, कापड, प्रिंटआउट आणि वर्षाअखेरच्या संग्रहाचा खर्च वेगळा. उत्पन्नानुसार शिक्षणशुल्कात सवलत देणारी ‘सार्थक’ नावाची योजना निफ्टमध्ये आहे. तिची माहिती प्रवेशाच्या आधी घ्यावी, कर्ज काढल्यावर नव्हे.

क्लासच्या जाहिरातींचं तर बोलायलाच नको. एकाच टॉपरचा हसरा फोटो तीन क्लासच्या फलकांवर, तिन्हीकडे ‘आमची विद्यार्थिनी’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणीवर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव वापरायचं, तर त्यानं नेमका कोणता कोर्स आणि किती काळ केला, हे जाहिरातीत सांगावं लागतं, आणि फोटोसाठी निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. शहरातल्या चौकात उभं राहून फलक वाचले तर या सूचना कोणी वाचल्या असाव्यात, असं वाटत नाही. पूर्ण वर्षाचा कोर्स केला की फक्त एक मॉक टेस्ट दिली, हे पालकांनी काउंटरवर विचारावं. तो त्यांचा हक्क आहे.

निफ्टच्या पलीकडेही वाटा आहेत, आणि त्यांतल्या काही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आहेत. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, तिथे टेक्स्टाइल डिझाइन शिकता येतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात मुली पिढ्यान् पिढ्या वस्त्र आणि पोशाखाचं शिक्षण घेत आल्या आहेत. इचलकरंजीची डीकेटीई तर यंत्रमागांच्या खडखडाटातच उभी आहे. कापडाचा धंदा कसा चालतो, हे तिथल्या मुलांना पुस्तकात वाचावं लागत नाही. पॉलिटेक्निकमध्ये संबंधित विषयाचा डिप्लोमा केलेल्यांना निफ्टमध्ये थेट तिसऱ्या सत्रात, लॅटरल एंट्रीनं जाता येतं. अहमदाबादच्या एनआयडीबद्दल मात्र एक गैरसमज पक्का आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत पदवीला टेक्स्टाइल डिझाइन आहे, पण ॲपरल डिझाइन, म्हणजे कपड्यांचं, ते पदव्युत्तरला, गांधीनगरला. बारावीनंतर ‘एनआयडीतून फॅशन’ करायला निघालेल्यांनी फॉर्म भरण्याआधी हे वाचावं. कानपूरकडच्या एका खेड्यातून आलेले राहुल मिश्रा आधी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले, मग एनआयडीत ॲपरलला गेले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये त्यांचा संग्रह झळकला. सतराव्या वर्षीची कोणतीही रँक त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती.

कोल्हापूरच्या भानू अथैया जे.जे.त चित्रकला शिकल्या आणि ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स आधी हॉटेल व्यवसायात होते. त्यांनी पुढे गोव्याची कुणबी साडी पुन्हा वापरात आणली आणि कोलवाळच्या घरात पोशाखांचं संग्रहालय मांडायला घेतलं. या नावांचा दाखला देऊन ‘परीक्षेला अर्थ नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. ते चुकीचं आहे. अथैयांच्या काळात निफ्टच नव्हतं. आज कारखाना, निर्यातगृह आणि मोठा ब्रँड यांची दारं बहुतेक वेळा कॅम्पस प्लेसमेंटनंच उघडतात, आणि साधनं नसलेल्या घरातल्या मुलासाठी सरकारी कॅम्पस ही आजही सगळ्यांत भरवशाची शिडी आहे. म्हणूनच त्या शिडीची पहिली पायरी कोणत्या भाषेत आहे, याला महत्त्व आहे.

तेव्हा दोन ठिकाणी बोलायला हवं. पालकांनी निकालाच्या दिवशी रँकच्या आधी कॅट, गॅट आणि सिच्युएशन टेस्टचे गुण वेगवेगळे मांडून बघावेत. कॅट चांगली आणि गॅट पडलेली असेल, तर मुलात काही कमी नाही, सहा महिने इंग्रजी वाचन करून पुढच्या वर्षी पुन्हा बसण्यासारखी ती स्थिती आहे. निफ्टची वयोमर्यादा २४ वर्षांची आहे, एक वर्ष गेल्यानं दार बंद होत नाही. उलट गॅट उत्तम आणि कॅट अगदीच कमी असेल, तर बी.एफटेकचा किंवा व्यवस्थापनाचा विचार आत्ताच करावा.

आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी वस्त्रोद्योग मंत्रालयाला एक साधी मागणी लेखी द्यावी: गॅटमधले गणित, तर्क आणि सामान्यज्ञानाचे पन्नास प्रश्न मराठीसह भारतीय भाषांत छापा आणि इंग्रजीचे प्रश्न पन्नासवरून पंचविसावर आणा. एनटीएकडे मराठी अनुवादाची यंत्रणा आधीच आहे, नीटसाठी ती दरवर्षी वापरली जाते.